पन्नास सीसीचा चेनसॉ घेताना वजनाचा आकडा नीट वाचा

स्टिल कंपनीचा एमएस २६१ सी-एम आणि हस्कवार्नाचा ५५० एक्सपी मार्क टू, दोन्ही चेनसॉ साधारण ५० सीसीचे, दोन्हींची ताकद ३ किलोवॅट. वजन मात्र अनुक्रमे ४.९ आणि ५.३ किलो. हे वजन बार (साखळी ज्यावर फिरते ती लांब पट्टी), साखळी, पेट्रोल आणि ऑइल सोडून दिलेलं असतं, हे बरेच जण विसरतात. सगळं चढवलं की हातात साडेसहा-सात किलो येतात.

म्हणून दुकानात तुम्ही वापरणार तोच बार लावून, टाक्या भरून मशीन हातात घ्या. पुढच्या दांड्याला धरून उचला. टोक फार खाली झुकत असेल, तर आडव्या फांद्या छाटताना मनगट लवकर दुखेल. उलट, पडलेलं खोड कापताना थोडा पुढचा भार मदतच करतो.

बार १५-१६ इंचीच ठेवा. बाभूळ किंवा सागवानासारख्या कठीण लाकडात २० इंची बार पूर्ण रुतला की या इंजिनाचा दम निघतो. एवढी जाड खोडं रोजच कापायची असतील, तर सरळ ६० सीसीकडे जा. तिथे अर्धा-एक किलो जास्त पेलावं लागेल. आणि साखळी बोथट असेल तर ताकदीची तुलना करूच नका.