बेअरिंगलेस मोटरचं वाइंडिंग सोपं करताय? या चुका टाळा

रक्ताच्या काही पंपांत किंवा चिप कारखान्यांतल्या रसायनांच्या पंपांत रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कशालाही न टेकता तरंगत फिरतो. हीच बेअरिंगलेस मोटर. फिरवणं आणि तरंगवणं, दोन्ही कामं त्याच्याभोवतीचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटरच करतो. म्हणून अनेक जण दोन वेगळी वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) घालतात. स्लॉटमधली (स्टेटरच्या दातांमधल्या खाचांतली) जागा कायमची वाटली जाते. तरंगवणारं तांबं एखाद्या धक्क्यासाठी राखीव, एरवी जवळजवळ बिनकामाचं, आणि फिरवणारं मात्र तापतं.

त्यापेक्षा स्टेटरला सहा दात, प्रत्येकावर एक कॉइल, सगळ्या सारख्या. १-३-५ या कॉइलचा एक स्टार (तिघींचं एकेक टोक एकाच बिंदूत, म्हणजे स्टार पॉइंटला जोडलेलं), २-४-६ चा दुसरा, प्रत्येकाला साधा तीन फेजचा इन्व्हर्टर (डीसीपासून एसी प्रवाह देणारं उपकरण). दोन्ही कामांच्या प्रवाहांची बेरीज कंट्रोलर करतो. इन्व्हर्टर निवडताना मात्र मोटरच्या बॅक-ईएमएफवर (फिरत्या रोटरमुळे कॉइलमध्ये तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजवर) तरंगवण्यासाठी व्होल्टेज शिल्लक राहील हे बघा. हे हमखास विसरतं.

बाजूला ओढणारं बल हवं तर रोटर आणि तरंगवणारं चुंबकीय क्षेत्र यांच्या पोल-जोड्यांत (उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्यांत) एकाचा फरक लागतो. दोन पोलच्या रोटरला चार पोलचं क्षेत्र, चार पोलच्याला दोन पोलचं. दोन्ही सारखे ठेवले तर मोटर छान फिरेल, रोटर भिंतीला घासत.

या सहा कॉइलचा वाइंडिंग फॅक्टर (कॉइल क्षेत्राचा किती भाग उपयोगात आणते याचं प्रमाण) दोन पोलला ०.५, चार पोलला ०.८६६. नुसता ०.५ बघून रचना मोडीत काढू नका. चार पोलचा रोटर घेतला की टॉर्कला (फिरवणाऱ्या जोराला) ०.८६६ मिळतो आणि बलाला ०.५. पण त्याच वेगाला वारंवारता दुप्पट होते, लोखंडातला तोटा वाढतो. वेग फार असेल तर मी दोन पोलचाच घेईन.

चकतीसारखा चुंबकी रोटर असेल तर वर-खाली सरकणं आणि कलणं चुंबकाची ओढच आवरते. त्यासाठी तिसरं वाइंडिंग घालू नका.

आता बिघाड. चालू करताच रोटर एका बाजूला चिकटला तर एखादी कॉइल उलटी लागली असू शकते. साध्या मोटरमध्ये ही चूक गुणगुणाटावर निभावते, इथे नाही. म्हणून स्टार पॉइंट जोडण्याआधीच रोटर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मध्यावर धरून हाताने फिरवा आणि ऑसिलोस्कोपवर समोरासमोरच्या कॉइल बघा: दोन पोलच्या रोटरला लहरी एकमेकींच्या उलट, चार पोलच्याला सारख्या.

लहरी बरोबर असूनही रोटर चिकटत असेल तर कॉइल उसवू नका. बलाची दिशा रोटरच्या कोनावरून ठरते. कोनाच्या सेन्सरचा शून्यबिंदू सरकला की बलही तिरकं वळतं, आणि ही चूक ९० विद्युत अंशांच्या (प्रत्यक्ष अंश गुणिले रोटरच्या पोल-जोड्या) पुढे गेली तर कंट्रोलर रोटरला मध्याकडे आणण्याऐवजी भिंतीकडेच ढकलतो.