क्रूझचा शेवटचा दिवस बॅगा भरण्यात घालवू नका

सिंगापूर-पेनांग-फुकेतसारख्या क्रूझवर परतीचा दिवस बऱ्याचदा पूर्ण समुद्रातच जातो, आणि आपली मंडळी नेमकी तेव्हाच बॅगा उघडून बसतात. निम्मं सामान आदल्या रात्रीच आवरा. मोठ्या बॅगा शेवटच्या रात्री टॅग लावून केबिनबाहेर ठेवल्या की थेट बंदरावर भेटतात. पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे सॅकमध्येच हवेत, नाहीतर नाइट ड्रेसवर उतरावं लागेल!

बिल सकाळीच ॲपवर तपासा. रात्री रिसेप्शनपुढे ही रांग लागते. ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावरच खर्च करायला खात्यात मिळालेली रक्कम) उरलं असेल तर वापरून टाका, बहुधा ते रोख परत मिळत नाही. जहाज बंदरात असताना त्यावरची ड्युटी-फ्री दुकानं बंद असतात, म्हणून खरेदीही आजच.

आता मजा. कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन-तीनच गोष्टींवर खूण करा. क्विझमध्ये अनोळखी टेबलावर बिनधास्त जाऊन बसा, आपलं क्रिकेटचं ज्ञान तिथे फारसं चालत नाही, पण गप्पा रंगतात. टॉवेलचा हत्ती कसा करतात ते शिकवत असतील तर पोरांना पुढे बसवा: दोन टोकांकडून घट्ट गुंडाळ्या, मधोमध दुमडलं की पाय तयार. पूल दुपारी तुडुंब भरतो. पोहायचं तर नाश्त्याआधीच.