जुना कबूस हलवताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मालगाडीच्या शेपटाला असायचा तो कबूस म्हणजे आपल्याकडच्या गार्डच्या डब्याचा चुलतभाऊ. 1980च्या दशकात शेवटच्या वाघिणीला अडकवायचं लुकलुकत्या दिव्याचं यंत्र आलं, आणि कबूस एकेक करून भंगारात, बागांत, नाहीतर कुणाच्या तरी शेतात जाऊन पडले. अशी जमीन घेतली की डबाही आपलाच झाला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. डब्याचं वेगळं विक्रीपत्र लेखी करून घ्या, आणि चाकांचे सांगाडे (डब्याखालच्या बोगी) त्यात धरलेत की नाही तेही लिहून घ्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे हौसेने आधी रंग खरवडून लाल रंग फासणे. (सगळे कबूस लाल नव्हते, पण हे कोणी ऐकत नाही.) डब्याची ओळख त्या थरांतच असते. संध्याकाळी टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. वरच्या रंगाखालच्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. तिथे पाणी लावून बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवा. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. एकाखाली एक दोन-तीन नंबर निघाले तर गोंधळू नका. 1968 मध्ये पेन सेंट्रल, 1970 मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न, 1976 मध्ये कॉनरेल अशी रेल्वे कंपन्यांची विलीनीकरणं झाली, तसे डब्यांचे नंबरही बदलले.

चाकांच्या सांगाड्यावर ओतीव अक्षरात साल सापडलं की लोक तेच डब्याचं साल समजतात. पण सांगाडे कारखान्यात सर्रास बदलले जात. त्यापेक्षा अंगकाठी बघा. छपरावर टेहळणीची खोली आहे की बाजूला फुगलेली खिडकी? गोल खिडक्या दिसल्या तर पेनसिल्व्हेनिया रेल्वेरोड या कंपनीचा एन5सी नमुन्याचा कबूस असू शकतो. बाजूंना आडव्या पन्हळी आणि फुगलेली खिडकी असेल तर मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीचा विचार करा.

आता उचलणं. पोलादी कबूस साधारण 20 ते 25 टनांचा, आणि तो चाकांच्या सांगाड्यांवर नुसता टेकलेला असतो, मधल्या पिनेवर. त्यामुळे डबा आणि सांगाडे वेगवेगळे न्यायचे. ब्रेकच्या दांड्या सोडवायला विसरलात तर क्रेन डबा उचलते आणि खालून सांगाडा लोंबकळत वर येतो. पिन अडकवलेली नाही ना, हेही आधी खाली शिरून बघा. पट्टे थेट पोटाखालून घातले की छपराच्या कडा चेपतात, म्हणून वर आडवी तुळई लावायची. भार डब्याच्या तळाला, सांगाड्यांच्या बरोबर वर असलेल्या आडव्या तुळयांवर घ्यायचा. टोकांच्या गॅलऱ्यांना किंवा कपलिंगला साखळी बांधून उचलायचं नाही. लाकडी डबा असेल तर आधी खालच्या तुळया टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर लोण्यासारखा आत गेला तर आधार दिल्याशिवाय हात लावू नका.

उंची रुळापासून मोजून वाहतूकदाराला सांगू नका. चाकं काढल्यावरची उंची अधिक ट्रेलरची उंची, हा आकडा त्याला हवा असतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत साडेतेरा-चौदा फुटांवर परवाना लागतो, आणि साडेआठ फुटांपेक्षा रुंद डब्याला तो लागतोच. टेहळणीची खोली काढावी लागेल का, हे याच हिशेबात ठरतं.

क्रेन दोन्ही टोकांना लागते. स्वस्तात मिळालेल्या डब्याचं बजेट बहुतेक इथेच कोसळतं. नव्या जागी खडी, स्लीपर आणि रूळ डबा येण्याआधी तयार हवेत, नाहीतर क्रेन ताशी भाडं खात उभी राहते. पावसानंतरच्या ओल्या जमिनीवर ती बोलवू नका, आणि वरून विजेची तार जात असेल तर तारीख ठरवण्याआधी वीज कंपनीला फोन करा. जागेवर डबा ठेवता येतो का, हे काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात विचारायचं ते डबा विकत घेण्याआधी.