शाळेत संगीत सौभद्र बसवायचं असन तर

किर्लोस्करांचं सौभद्र हे संगीत नाटक १८८२ चं, पदं म्हणजे गाणी ढीगभर, म्हणून शाळेसाठी आठ-दहाच ठेवा अन् प्रत्येकाचा मुखडा (सुरुवातीची ओळ) आणि एकच अंतरा (पुढचं कडवं) घ्या. खरं नाजूक काम पट्टीचं, म्हणजे गाणं कोणत्या सुरापासून धरायचं त्याचं. नववी-दहावीत पोट्ट्यांचा आवाज फुटते, पेटीवाल्याच्या सवयीच्या पट्टीत गायला लावलं का वरचा सूर लागतच नाही अन् पोरगं रडकुंडीला येते, तर आधी पोराचा सोपा सूर पेटीवर शोधा, मग पट्टी ठरवा, अन् नाहीच जमलं तर कृष्ण मुलीला द्या, बालगंधर्वांनी पुरुष असून सुभद्रा केलीच होती ना. नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, मात्र सगळ्या वर्गाकडून. तालमी कापूस वेचणीच्या आधी उरका, नंतर अर्धे पोट्टे वावरात असतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, काम केलेला तबलजी भेटला तर सोडूच नका, गाणारा अडखळला तरी तो ठेका धरून सांभाळून घेते.