एसएपी फायको शिकताना: आधी नोंद वहीत, मग स्क्रीनवर

विद्यापीठात एसएपीचा, म्हणजे कंपन्यांचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय घेतला (फायको हा त्यातला वित्त आणि कंट्रोलिंगचा भाग) की हातात तीन गोष्टी येतात: लॉगिन, स्वतःचा विद्यार्थी क्रमांक आणि जाडजूड सरावपुस्तिका. पुस्तिकेत प्रत्येक पायरी चित्रासकट असते. हा कोड टाका, ही रक्कम भरा, सेव्ह करा. मग स्क्रीनच्या तळाशी दस्तऐवज क्रमांक उमटतो आणि सगळा वर्ग पुढच्या सरावाकडे वळतो. माझं सांगणं एवढंच आहे की त्या क्रमांकापाशी थांबा. तो दस्तऐवज उघडून कोणती खाती नावे पडली, कोणती जमा झाली हे पाहिलं नाही, तर सत्राअखेरीस फक्त क्लिक करण्याचा वेग वाढलेला असतो.

मला हा विषय उमगला तो एका सवयीमुळे. पोस्ट करण्याआधी संपूर्ण नोंद मी वहीत लिहायचे. मग ‘सिम्युलेट’ (पोस्ट न करता नोंद दाखवणारं बटण) दाबून आपली नोंद आणि सिस्टिमची नोंद जुळते का ते पाहायचे. जिथे जुळली नाही, तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

एसएपी ही कंपनी १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सुरू केली. व्यवहार जिथे घडतो तिथे नोंद एकदाच करायची आणि तिचे परिणाम हिशेबात लगेच दिसायचे, हा या सॉफ्टवेअरचा गाभा आहे. हे खरेदीच्या साखळीत फार छान दिसतं. अनेक विद्यापीठांत सराव ‘ग्लोबल बाइक’ या काल्पनिक सायकल कंपनीवर होतो, तेव्हा उदाहरण हेल्मेटचंच घेऊ.

१०० हेल्मेट, प्रत्येकी ५० दराने मागवली. खरेदी ऑर्डर तयार झाली, पण खतावणीत काहीच हललं नाही, कारण अजून देणं निर्माण झालेलं नाही. माल आला आणि ‘मिगो’ या माल आवकीच्या स्क्रीनमध्ये १०१ या मूव्हमेंट टाइपने (मालाच्या हालचालीचा प्रकार) तो घेतला की साठा खातं ५,००० ने नावे आणि जीआर-आयआर (माल आवक-बिल आवक) खातं ५,००० ने जमा होतं. पुरवठादाराचं नाव या नोंदीत येत नाही. बिल आल्यावर ‘मिरो’ या बिल नोंदवण्याच्या स्क्रीनमध्ये जीआर-आयआर नावे आणि पुरवठादार जमा. माल आणि बिल यांच्यामधला काळ हे मधलं खातं सांभाळतं. माल आला पण बिल आलं नाही, किंवा उलटं झालं, तर महिनाअखेरीला तिथे शिल्लक उरते आणि कोणीतरी तिचा माग काढत बसतं.

आता बिल ५,२०० चं आलं तर? जीआर-आयआर ५,००० नेच मिटतं. वरचे २०० कुठे जातील हे त्या मालाच्या किंमत-पद्धतीवर ठरतं. प्रमाण किंमत असेल तर ते दरफरकाच्या खात्यात जातात. चल सरासरी किंमत असेल आणि साठा अजून हातात असेल तर साठ्याच्याच मूल्यात मिळतात. फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल तर बिल पोस्ट होतं, पण पैसे देण्यासाठी अडवलं जातं. ही खाती सिस्टिमला कोण सांगतं, हा प्रश्न पडला पाहिजे. उत्तर ‘ओबीवायसी’ या कोडमागच्या मांडणीत आहे. शिक्षक तिथे घेऊन गेले नाहीत तर आपणहून विचारा.

पुरवठादाराच्या खात्यात नोंद पडली की सामान्य खतावणीतलं रिकन्सिलिएशन खातं (सगळ्या पुरवठादारांची एकत्रित बेरीज दाखवणारं खातं) आपोआप हलतं. त्या खात्यात थेट नोंद करायचा प्रयत्न करून पाहा, सिस्टिम नकार देईल. उपखतावणी आणि मुख्य खतावणी कायम जुळलेल्या का राहतात, हे त्या नकारातून कळतं.

कंट्रोलिंगची, म्हणजे विभागवार खर्चाच्या हिशेबाची भीती बऱ्याच जणांना वाटते. ‘एफबी६०’ या पुरवठादाराचं बिल थेट नोंदवण्याच्या स्क्रीनमध्ये ८,००० चं वीजबिल टाका आणि कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाचा तो) रिकामं ठेवा. या खात्याला कंट्रोलिंगचा घटक जोडा, अशी त्रुटी येईल. कॉस्ट सेंटर भरलं की तोच खर्च वित्तीय लेख्यांतही जातो आणि विभागाच्या अहवालातही. एसएपीच्या जुन्या ईसीसी या आवृत्तीत या दोन बाजू वेगळ्या टेबलांत राहायच्या. २०१५ मध्ये आलेल्या एस/४हाना या नव्या पिढीत त्या ‘एसीडीओसीए’ या एकाच टेबलात आल्या, आणि कॉस्ट एलिमेंट (कंट्रोलिंगमधला खर्चाचा प्रकार) हे खतावणीतलंच खातं झालं. म्हणून पुस्तिकेत ‘केए०१’ने कॉस्ट एलिमेंट बनवायला सांगितलं असेल तर ती ईसीसीच्या काळातली आहे. आता ते काम ‘एफएस००’ या खतावणी खातं बनवण्याच्या स्क्रीनमध्येच होतं.

पुढे खर्चवाटप येतं. देखभाल विभागाचा खर्च दोन उत्पादन विभागांत ६०:४० वाटायचा, हे परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकातलं जुनं गणित आहे. डिस्ट्रिब्युशनने वाटला तर वीज ही वीज म्हणूनच पुढच्या विभागात दिसते. असेसमेंटने वाटला तर सगळा खर्च एका दुय्यम कॉस्ट एलिमेंटखाली एकवटला जातो, मूळ तपशील पुढे दिसत नाही. दोन्ही करून अहवाल शेजारी ठेवून पाहा. विभाग-व्यवस्थापकाला कोणता अहवाल उपयोगी पडेल, यावर वर्गात वाद घालण्यासारखं आहे.

सिस्टिम सगळ्यांची एकच असते, त्यामुळे प्रत्येक मास्टर रेकॉर्डमध्ये (पुरवठादार, माल यांची कायमची माहिती) आपलाच विद्यार्थी क्रमांक टाका. दुसऱ्याचा पडला तर त्याचे आकडे बिघडतात. पोस्ट झालेला दस्तऐवज पुसता येत नाही. ‘एफबी०८’ने उलट नोंद होते आणि दोन्ही दस्तऐवज एकमेकांचा संदर्भ धरून कायम राहतात. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने हे किती मोलाचं आहे ते मुद्दाम लक्षात घ्या.

नोकरीबद्दल थोडक्यात. विद्यापीठातला सराव बहुतांशी वापरकर्त्याच्या बाजूचा असतो. सल्लागार व्हायचं तर ‘एसपीआरओ’मधली कॉन्फिगरेशन, म्हणजे सिस्टिमची मूळ मांडणी शिकावी लागते. प्रमाणपत्राची घाई मात्र नको, लेखांकन कच्चं असेल तर मुलाखतीत ते प्रमाणपत्र फार वेळ साथ देत नाही. ईसीसीच्या नव्या आवृत्त्यांची मुख्य देखभाल २०२७ अखेरपर्यंतच आहे, म्हणून कंपन्या एस/४हानाकडे जात आहेत आणि जुनं-नवं दोन्ही समजणाऱ्यांना काम आहे.

सत्र संपलं की लॉगिन सहसा बंद होतं. त्याआधी खरेदी ऑर्डरपासून ‘एफ-५३’ने पैसे चुकते करण्यापर्यंतची एक साखळी पुस्तिका न उघडता, आपल्या मनाच्या आकड्यांनी पूर्ण करा. ‘एफबीएल१एन’ या पुरवठादाराच्या नोंदींच्या यादीत लाल दिसणारी नोंद पैसे दिल्यावर हिरवी झालेली पाहा, आणि प्रत्येक टप्प्याची नावे-जमा नोंद दस्तऐवज क्रमांकासह वहीत उतरवून ठेवा. मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच पानं उघडायची आहेत.