लोड टेस्टिंग: गणपतीचं बुकिंग उघडण्याआधी या चुका टाळा

मुंबई–सावंतवाडी बसचं गणपतीचं बुकिंग सकाळी 8 वाजता उघडतं, तेव्हाची गर्दी एरवीच्या गर्दीहून वेगळी असते. लोड टेस्ट, म्हणजे नकली युजर सोडून सर्व्हरला गर्दी झेपते का हे बघणं, मात्र बहुतेक ठिकाणी एरवीच्याच गर्दीची होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक टेस्ट डेटात असते. टेस्टच्या युजरना डेटा पुरवणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये तारखा आणि गाड्या समान वाटून दिल्या की प्रत्येक युजर वेगळी सीट धरतो आणि सगळं सुरळीत दिसतं. चाकरमान्यांना मात्र चतुर्थीच्या आदल्या दोन रात्रींच्याच गाड्या हव्या असतात. मग त्याच सीटच्या रो-लॉकसाठी (ती नोंद एका वेळी एकालाच बदलू देणारं कुलूप) ट्रान्झॅक्शन्स (डेटाबेसमधले व्यवहार) खोळंबतात आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शन एकेक डेटाबेस कनेक्शन अडवून बसतो. जावामध्ये डेटाबेस कनेक्शन तयार ठेवणाऱ्या हिकारीसीपीचा पूल (कनेक्शनचा साठा) सेटिंग न बदलल्यास 10 कनेक्शनचा असतो. तो संपला की नुसतं वेळापत्रक बघणाराही लटकतो, आणि सर्व्हरचा सीपीयू तेव्हा निवांत असू शकतो. म्हणून टेस्टमधले बहुतांश युजर त्या दोनच तारखांवर सोडा. लटकल्यावर लगेच पूल वाढवू नका. आधी पेमेंटच्या उत्तरापर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं राहतं का ते बघा. सीट 10 मिनिटांसाठी राखीव अशी नोंद करून लगेच कमिट करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करून संपवा; पेमेंट त्यानंतर.

युजर किती घ्यायचे? तासाला 3,000 बुकिंग अपेक्षित असतील आणि एकाला 4 मिनिटं लागत असतील, तर मिनिटाला 50 गुणिले 4, म्हणजे एका वेळी 200 युजर. पण निम्मे लोक पहिल्या 5 मिनिटांतच आले तर तोच आकडा 1,200 होतो. टेस्ट या आकड्याची करा. बुकिंगच्या पायऱ्यांमध्ये टायमर (थोडा थांबा) लावा, नाहीतर हे युजर माणसांच्या कितीतरी पट वेगाने रिक्वेस्ट पाठवतील.

जेमीटर या लोड टेस्टिंगच्या साधनाची खिडकी फक्त स्क्रिप्ट बनवायला वापरा. टेस्ट कमांड लाइनवरून चालवा, प्रत्येक रिक्वेस्टचा तपशील दाखवणारं व्ह्यू रिझल्ट्स ट्री बंद ठेवून. नाहीतर तुमचाच लॅपटॉप दमतो आणि दोष सर्व्हरवर येतो.

सरासरीवर विसंबू नका. 100 पैकी 95 रिक्वेस्ट 0.2 सेकंदात आणि 5 रिक्वेस्ट 20 सेकंदांत झाल्या, तरी सरासरी 1.2 सेकंदांच्या आतच दिसते. 99 पर्सेंटाइल बघा, म्हणजे 100 पैकी 99 रिक्वेस्ट किती वेळाच्या आत झाल्या ते. ‘सर्व्हर व्यस्त आहे’ हे पानसुद्धा 200 (यशस्वी) कोडने येऊ शकतं, म्हणून असर्शन (उत्तर बरोबर आहे का याची तपासणी) तिकीट क्रमांकावर लावा.

पेमेंट आणि एसएमएससाठी नकली सेवा वापरा, पण तिला 2 ते 5 सेकंदांचा उशीर द्या.

टेस्टनंतर एकच सीट दोन तिकिटांवर गेली आहे का, हे डेटाबेसमध्ये तपासा. एक जरी सापडली, तर ऐन सणाला एक कुटुंब तिकीट हातात असून रस्त्यावर राहील. वेग कितीही चांगला असो, पक्क्या तिकिटांवर गाडी, तारीख आणि सीट यांचा युनिक इंडेक्स (तीच नोंद दोनदा होऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावून टेस्ट पुन्हा घेतल्याशिवाय बुकिंग उघडू नका.