हॉटेलच्या टीव्हीचं चित्र थिजतंय? आधी क्वेरियर शोधा

हॉटेलात आयपीटीव्ही (नेटवर्कच्या केबलवरून चालणारा टीव्ही) बसवला की एक तक्रार हमखास येते: चॅनल लागतो, स्वच्छ दिसतो आणि चारेक मिनिटांनी चित्र थिजतं. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा चालू. लोक टीव्ही बदलतात, केबल बदलतात. मी सरळ नेटवर्क स्विचमध्ये लॉगिन करून क्वेरियर (टीव्हींना ठरावीक वेळाने विचारणा करणारी सोय) शोधतो. बहुतेक वेळा तो कुठेच चालू नसतो.

आयजीएमपी स्नूपिंग (टीव्हींच्या चॅनलच्या मागण्या ऐकून ठेवण्याची स्विचची सोय) चालू असलं की टीव्हीने मागितलेला चॅनलच स्विच त्या पोर्टवर सोडतो. पण ही मागणी कायमची नसते. 'अजून कोणाला हवंय?' हे दर १२५ सेकंदांनी कुणीतरी विचारावं लागतं, आणि ते काम क्वेरियरचं. मल्टिकास्ट (एकच प्रवाह मागणाऱ्या अनेकांना पाठवण्याची पद्धत) हाताळणारा राउटर ते आपसूक करतो. टीव्हीच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) मात्र असा राउटर सहसा नसतो. मग कुणी विचारत नाही, टीव्ही उत्तर देत नाही, आणि २६० सेकंदांनी स्विच नोंद पुसतो.

यावर स्नूपिंगच बंद करणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून तसं करू नका. एक चॅनल ८ एमबीपीएसचा धरला तर ४० चॅनलचे ३२० एमबीपीएस प्रत्येक पोर्टवर कोसळतात, आणि सेटटॉप बॉक्सचं पोर्ट अनेकदा १००चंच असतं. तोच पूर त्या व्हीलॅनच्या वायफायवर गेला तर पाहुण्यांचं इंटरनेटही बसतं.

क्वेरियर कोअर स्विचवर (मधल्या मुख्य स्विचवर) चालू करा, जिथे हेडएंड (चॅनल नेटवर्कवर सोडणारी यंत्रणा) जोडलेलं आहे तिथेच. याला कारण आहे: बाकीचे स्विच क्वेरियरच्या दिशेच्या पोर्टला राउटरचं पोर्ट मानतात आणि सगळं मल्टिकास्ट तिकडे पाठवतात. तिसऱ्या मजल्यावरचा स्विच क्वेरियर झाला, तर सगळे चॅनल विनाकारण तिथवर चढतील. दोन क्वेरियर असले तर लहान आयपीवाला जिंकतो, म्हणून कोअरला त्या व्हीलॅनमधला सगळ्यात लहान आयपी द्या. मग सगळ्या स्विचवर स्नूपिंग चालू करा. अनोळखी (कुणीच न मागितलेलं) मल्टिकास्ट अडवायचं सेटिंग सगळ्यात शेवटी.

चॅनलना पत्ते देताना २३९.०.०.५ असले आकडे टाळा. मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून डेटा पोचवतो त्या पत्त्यात) आयपीचे शेवटचे २३ बिटच उतरतात, त्यामुळे मॅक बघून चालणाऱ्या स्विचला हा आणि २२४.०.०.५ सारखेच दिसतात, आणि २२४.०.०चा गट (नेटवर्कच्या आपसातल्या निरोपांसाठी राखीव) तर स्विच सगळीकडेच सोडतो. २३९.१०.१.१ पासून सुरुवात करा.

फास्ट लीव्ह (टीव्हीने चॅनल सोडताच त्या पोर्टवर तो लगेच तोडायचं सेटिंग) फक्त एका पोर्टला एकच टीव्ही असेल तिथे लावा. खोलीत छोटा स्विच टाकून दोन टीव्ही जोडले असतील, तर एकाने चॅनल बदलला की तोच चॅनल बघणाऱ्या दुसऱ्याचं चित्र तुटतं.

तपासणी घाईत उरकू नका. एक चॅनल लावून निदान दहा मिनिटं तसाच ठेवा, आणि तेवढ्यात टीव्ही बंद असलेल्या खोलीच्या पोर्टचा काउंटर बघा. तिथे मेगाबिटमध्ये आकडा दिसला, तर वाटेतल्या एखाद्या स्विचवर स्नूपिंग अजून बंद आहे.